हृदय तयार, हाडं अजून नाहीत

आर्थर न्यूटन हा मूळचा इंग्लंडचा, पण दक्षिण आफ्रिकेत हार्डिंग गावाजवळ शेती करणारा माणूस. जमिनीवरून त्याचं सरकारशी भांडण होतं. ते भांडण फारसं उदात्त नव्हतं. आजूबाजूची जमीन सरकारनं कृष्णवर्णीयांना दिली, त्यामुळे आपल्या शेताची किंमत पडली, अशी त्याची तक्रार होती. अर्जविनंत्यांना दाद मिळेना, तेव्हा त्यानं हिशेब मांडला की नामवंत खेळाडूचं म्हणणं वर्तमानपत्रं छापतात, तर आपण खेळाडू व्हावं. १९२२ च्या जानेवारीत, चाळिशीच्या उंबरठ्यावर, तो धावायला लागला. सुरुवातीला तीनेक किलोमीटरमध्येच त्याचा जीव मेटाकुटीला यायचा. मे महिन्यात त्यानं कॉम्रेड्स मॅरेथॉन ८ तास ४० मिनिटांत जिंकली आणि पुढच्या वर्षी ६ तास ५६ मिनिटांत. एकूण पाच वेळा तो जिंकला. सरकार काही बधलं नाही, पण लांब पल्ल्याचं धावणं मात्र त्यानं कायमचं बदलून टाकलं. कमी अंतर जोरात पळून तयारी करायची, असा त्या काळचा रिवाज होता. न्यूटन रोज, लांब आणि सावकाश धावायचा.

आजचा हौशी धावपटू नेमका या सावकाशपणाशीच झगडत असतो. अल्ट्रामॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटरपेक्षा लांब कुठलीही शर्यत, आणि तिची तयारी करणाऱ्याला विचारलं तर तो सांगेल की सहा महिन्यांत चार वेळा वाटलं आपण अजिंक्य आहोत, आणि पाच वेळा वाटलं हे आपलं काम नाही. हे चढ-उतार मनाच्या लहरी समजून सोडून देण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. यातले बहुतेक उतार शरीरात आधीच ठरलेले असतात, कारण शरीराचे सगळे भाग एका वेगानं तयार होत नाहीत. रक्त काही दिवसांत बदलतं, स्नायू काही आठवड्यांत, हाडं काही महिन्यांत, आणि घोट्यामागचा जाड स्नायुबंध तर जवळजवळ बदलतच नाही. धावणाऱ्याला जाणवतो तो फक्त दम. दम पुरतोय म्हटल्यावर तो अंतर वाढवतो, आणि मग मागे राहिलेला एखादा भाग बोलायला लागतो.

उदाहरणाला कॉम्रेड्सच घेऊ, कारण आपल्याकडच्या पुष्कळ हौशी धावपटूंचं ते स्वप्न असतं आणि दरवर्षी शेकडो भारतीय तिथे जातात. व्हिक क्लॅपहॅम नावाच्या रेल्वे इंजिनचालकानं पहिल्या महायुद्धात मेलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ ती सुरू केली. २४ मे १९२१ रोजी ३४ जण धावले, १६ जण पोहोचले. आता हजारोंनी धावतात. एका टोकाला समुद्रकाठचं डरबन, दुसऱ्या टोकाला साडेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवरचं पीटरमॅरिट्सबर्ग. सहसा एका वर्षी डरबनहून वर, दुसऱ्या वर्षी तिकडून खाली. रस्त्याच्या कामांमुळे अंतर दरवर्षी थोडं बदलतं, पण ते ८६ ते ९० किलोमीटरच्या दरम्यान असतं. वाटेत कावीज हिल, फील्ड्स हिल, बोथाज हिल, इंचांगा आणि पॉली शॉर्ट्स हे पाच नामांकित चढ, आणि ज्यांना नावं नाहीत असे कितीतरी. या सगळ्याला मुदत १२ तास. बारा तास पुरे झाले की अंतिम रेषेवर एक माणूस धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक उडवतो. त्यानंतर एका सेकंदानं आलेल्यालाही पदक नाही. पाठ करायची ती अशासाठी, की समोर येणाऱ्याचा चेहरा पाहून हात अडखळू नये.

बारा तासांचा हिशेब केला तर किलोमीटरला साधारण आठ मिनिटं मिळतात. हा वेग ऐकून नवखा हसतो. रोज सकाळी मैदानावर तो याहून जलद पळत असतो. पण या आठ मिनिटांत पाणी पिणं, लघवीला जाणं, चढावर चालणं, बुटातला खडा काढणं, उलटी करणं, सगळं बसवायचं असतं, आणि तेही ऐंशी किलोमीटर झाल्यावर.

आपल्याकडच्या धावपटूची तयारी बहुधा जानेवारीत, मुंबई मॅरेथॉननंतर सुरू होते. कॉम्रेड्ससाठी आधी एक पूर्ण मॅरेथॉन ठराविक वेळेत, अलीकडच्या नियमाप्रमाणे ४ तास ५० मिनिटांच्या आत, पूर्ण केलेली असावी लागते, आणि मुंबईच्या थंडीत (जिला तिथले लोक थंडी म्हणतात) ते काम उरकलेलं असतं. जूनमधल्या शर्यतीपर्यंत हजार-बाराशे किलोमीटर पायांखालून जायला हवेत, असा दक्षिण आफ्रिकेतला जुना ठोकताळा आहे. पाच महिन्यांत भागलं तर आठवड्याला पन्नासेक. आकडा फार मोठा नाही. नोकरी, लोकल आणि मुलांची शाळा सांभाळून तो गाठणं ही गोष्ट वेगळी.

पहिले सहा आठवडे सुखाचे जातात. नियमित धावायला लागल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग वाढतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त बाहेर पडतं, म्हणून त्याच वेगाला ठोके कमी लागतात. मनगटावरचं घड्याळ रोज नवा आनंद देतं. पाठोपाठ स्नायूंमध्ये बदल सुरू होतो. प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणारे पेशींतले सूक्ष्म कण, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, वाढायला लागतात. हे पहिल्यांदा नीट दाखवलं जॉन हॉलोझी या अमेरिकी शास्त्रज्ञानं, १९६७ साली. त्यानं उंदरांना आठवडेच्या आठवडे पट्ट्यावर धावायला लावलं आणि मग त्यांचे स्नायू तपासले. मायटोकॉन्ड्रियांची ऊर्जा तयार करायची ताकद सुमारे दुप्पट झाली होती. स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळंही दाट होत जातं. फेब्रुवारीच्या अखेरीला तीस किलोमीटरची रविवारची धाव संपवून आपला धावपटू पोह्यांच्या गाडीवर उभा असतो, आणि त्याला वाटतं की आणखी दहा सहज झाले असते. एवढ्या दमात ते खरोखरच झाले असते.

मार्चमध्ये नडगी दुखते.

हाड म्हणजे निर्जीव खांब नव्हे. त्याच्यावर नवा भार पडायला लागला की आधी काही पेशी जुना, थकलेला भाग पोखरून काढतात आणि मग दुसऱ्या पेशी त्या जागी नवं हाड भरतात. पोखरणं काही आठवड्यांत होतं, भरून पक्कं व्हायला त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. पूर्ण फेरीला तीन-चार महिने लागतात. मधल्या काळात हाडाची अवस्था गटारीच्या कामासाठी उकरून ठेवलेल्या गल्लीसारखी असते. पुढे रस्ता चांगला होणार आहे, पण आज त्यावरून ट्रक नेऊ नये. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो, आणि लांब धावेत अशी पावलं हजारोंनी पडतात. एकूण ८७ किलोमीटरमध्ये ती नव्वद हजारांच्या घरात जातात. दम वाढला म्हणून अंतर एकदम वाढवलं तर हाडाची सर्वांत नाजूक वेळ आणि धावपटूच्या उत्साहाची सर्वांत जोरदार वेळ एकत्र येतात. नडगीच्या किंवा पावलाच्या हाडाला केसासारखी बारीक चीर पडते ती अशी. सुरुवातीच्या साध्या एक्स-रेत ती बहुतेकदा दिसतही नाही. मग ‘काही नाही झालेलं’ असं समजून माणूस आणखी तीन आठवडे धावतो आणि चीर मोठी करून घेतो. स्नायूंचं दुखणं पसरट असतं आणि पाय गरम झाल्यावर कमी होतं. हाडाचं दुखणं बोटानं दाखवता येतं, धावताना वाढत जातं आणि पुढे रात्री झोपेतही ठणकतं. एवढा फरक ओळखता आला तरी पुष्कळांचे तीन महिने वाचतील.

टाचेच्या वरचा स्नायुबंध, म्हणजे अकिलीस टेंडन, आणखी सावकाश चालतो. त्याला रक्ताचा पुरवठा कमी असतो. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१३ साली त्याचं वय एका विलक्षण मार्गानं मोजलं. १९५० आणि १९६० च्या दशकांत उघड्यावर केलेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन एकदम वाढला आणि नंतर हळूहळू कमी झाला. ज्या वर्षी शरीराचा जो भाग बनला, त्यात त्या वर्षीच्या हवेची खूण राहिली. अकिलीसचा गाभा तपासल्यावर दिसलं की तो वयाच्या साधारण सतरा वर्षांपर्यंत बनतो आणि पुढे जवळजवळ बदलत नाही. म्हणजे पंचेचाळिसाव्या वर्षी जो माणूस साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढतोय, तो अकरावी-बारावीत तयार झालेल्या दोरीवर चढतोय. ही दोरी भाराला हळूहळू ताठ आणि बळकट होते, पण त्याला महिने लागतात. ती बिघडली की पुरी विश्रांतीही उपयोगाची नसते. हलका, मोजका, वाढत जाणारा भार द्यावा लागतो. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा सावकाश खाली-वर करायच्या, आठवडेच्या आठवडे. इतका कंटाळवाणा उपाय क्वचितच कुणी नेटानं करतो, आणि म्हणूनच दुखणी जुनी होतात.

एप्रिल-मे हा कॉम्रेड्सच्या तयारीचा ऐन काळ, आणि महाराष्ट्राच्या हवामानाचा सर्वांत वाईट. तिकडे शर्यतीच्या दिवशी हिवाळा असतो. पीटरमॅरिट्सबर्गची पहाट चांगलीच बोचरी असते. आणि इकडे नागपुरात मेमधल्या कित्येक रात्री पारा २८-३० च्या खाली यायला तयार नसतो, तर मुंबईत घाम येतो पण वाळत नाही. घाम वाळला तरच शरीर थंड होतं. उष्णता बाहेर टाकायची म्हणून रक्त त्वचेकडे वळतं, स्नायूंना कमी पडतं, आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके दहा-पंधरानं वाढतात. महिन्यापूर्वी सहज झालेली धाव आता होत नाही. सगळी कमाई गेली असं वाटतं, पण तसं नसतं. दहा ते चौदा दिवस उन्हाळ्यात धावलं की शरीर जुळवून घेतं. घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातला द्रव आणखी वाढतो. या काळात किलोमीटरची मिनिटं मोजण्याऐवजी श्वास आणि ठोके पाहावेत, हे सगळे प्रशिक्षक सांगतात आणि फार थोडे धावपटू ऐकतात. शिवाय मे म्हणजे लग्नसराई. शनिवारी रात्री साडेअकराला जिलेबी-मठ्ठ्याच्या पंगतीत बसलेला माणूस पहाटे तीनला उठून चाळीस किलोमीटर धावतो तेव्हा घरचे त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहतात, तिचं वर्णन क्रीडाशास्त्राच्या पुस्तकांत नाही. ‘एवढं करून मिळतं काय?’ या आईच्या प्रश्नाला अजून कुणी समाधानकारक उत्तर दिलेलं ऐकिवात नाही.

डोंगराच्या सरावासाठी आपल्याकडे जागा भरपूर. सातारकरांना यवतेश्वर आणि कासचा रस्ता, पुणेकरांना सिंहगडाचा घाट. इथे एक गमतीची चूक सर्रास होते. लोक घाट धावत चढतात आणि गाडीत बसून खाली येतात. चढ कठीण म्हणून सराव चढाचा, हे तर्काला धरून वाटतं. पण पाय मोडतो तो उतार. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकचं काम करतो. तो आवळलेला असतानाच ताणला जातो, आणि अशा ओढाताणीत त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं कळसाला पोहोचतं. कॉम्रेड्सच्या उताराच्या वर्षी निम्मं अंतर झाल्यावर, बोथाज हिल ओलांडून, फील्ड्स हिलचा लांब आणि तीव्र उतार येतो. तिथे ज्यांच्या मांड्या गेल्या, त्यांना पुढचा सपाट रस्ताही चालवत नाही. यावर शरीराकडे उपाय आहे, आणि तो आश्चर्य वाटावा इतका स्वस्त आहे. एकदा उतारावर नीट धावून स्नायू दुखवले की पुढचे काही आठवडे तसाच उतार कितीतरी कमी इजा करतो. त्यासाठी पन्नास घाट लागत नाहीत. शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी मोजके लांब उतार पुरतात. गाडी घाटमाथ्यावर न बोलावणं एवढाच त्याचा खर्च.

आता पोटाबद्दल, कारण अल्ट्रामॅरेथॉन अर्धी तरी पोटानं धावली जाते. एक किलोमीटर धावायला किलो वजनामागे साधारण एक कॅलरी लागते. ६५ किलोच्या माणसाला ८७ किलोमीटरसाठी साडेपाच हजारांहून जास्त कॅलरी हव्यात. यकृत आणि स्नायूंमध्ये साखरेचा साठा असतो तो दीड-दोन हजारांचा. उरलेलं चरबीतून येतं. दहा किलो चरबीत सत्तर हजारांहून अधिक कॅलरी असतात, म्हणजे कागदावर बाराएक शर्यतींचा शिधा अंगावरच आहे. अडचण अशी की चरबी सावकाश जळते. वेग वाढला की शरीर साखर मागतं, आणि साखर संपली की मॅरेथॉनवाल्यांना ओळखीची असलेली ती अवस्था येते, पाय शिशाचे होतात आणि डोकं बधिर. न्यूटनचं सावकाश धावणं इथेही उपयोगी पडतं. कमी वेगात चरबीचा वाटा जास्त असतो, आणि महिनोन्महिन्यांच्या सरावानं तो आणखी वाढतो.

तरीही वाटेत खावंच लागतं. आतडं तासाला साधारण ६० ग्रॅम ग्लुकोज शोषू शकतं. त्यात फ्रुक्टोज मिसळलं तर ते दुसऱ्या वाटेनं शोषलं जातं आणि एकूण ९० ग्रॅमपर्यंत मजल जाते. पण धावताना पोटाकडचं रक्त पायांकडे आणि त्वचेकडे गेलेलं असतं. मळमळ, गोळे, उलट्या, आणि ज्याबद्दल धावपटू एकमेकांत मोकळेपणानं पण बाहेर कुजबुजत बोलतात ते पोट बिघडणं, हे सगळं त्यातून होतं. आतड्यालाही सरावाची गरज असते, आणि ते सरावानं सुधारतं. म्हणून लांब धावेत जे शर्यतीत खायचं तेच खावं. महागडी जेलची पाकिटं चालतात, आणि खजूर, चिक्की, राजगिऱ्याचा लाडूही चालतो. मात्र शर्यतीच्या आदल्या दिवशी प्रदर्शनातून घेतलेली नवी पूड चालत नाही. कॉम्रेड्सच्या वाटेवर पाणी छोट्या बंद पिशव्यांतून मिळतं, दातानं कोपरा फाडून प्यायचं. मीठ लावलेले उकडलेले बटाटेही मिळतात. सहा-सात तास गोड खाऊन विटलेल्या जिभेला तो बटाटा काय वाटतो, हे कुणा धावून आलेल्यालाच विचारावं.

पाण्याची गोष्ट उलटी आहे. जुन्या काळी धावताना पाणी प्यायला मनाई असे, मग सत्तरीनंतर हवा पालटली आणि तहान लागण्याआधीच प्या, जितकं जाईल तितकं प्या, असा उपदेश जगभर झाला. १९८१ च्या कॉम्रेड्समध्ये एक महिला धावपटू भरपूर पाणी पिऊनही भ्रमिष्ट झाली, जवळची माणसं ओळखेना. तिच्या रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरलं होतं. केपटाऊनचे डॉ. टिम नोक्स यांनी अशी प्रकरणं जमवून १९८५ साली मांडलं की जास्त पाण्यानं सोडियम पातळ होतं आणि मेंदूला सूज येते. बरीच वर्षं हे अपवाद मानलं गेलं. पुढे २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्यांच्या रक्ताचे नमुने तपासले तेव्हा त्यांतल्या १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. यात धोका जास्त असतो तो सावकाश धावणाऱ्यांना, कारण त्यांना घाम कमी येतो आणि पाण्याच्या टेबलांवर थांबायला वेळ भरपूर असतो. शर्यत संपल्यावर वजन वाढलेलं असेल तर समजावं की काहीतरी चुकलं. तहान लागेल तसं पाणी प्यावं, हा आता बहुतेक तज्ज्ञांचा साधा सल्ला आहे. आणखी एक, खिशातल्या वेदनाशामक गोळ्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या दुखणं दाबतात, पण पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवतात. धावण्याच्या गटांत त्या गोळ्यांची पाकिटं खजुरासारखी फिरवली जातात, हे मला भयंकर वाटतं.

मेच्या मध्याला सगळ्यात खोल दरी येते. दुखत काहीच नसतं, पण पाय जड, सकाळचे ठोके वाढलेले, झोप तुटक, चिडचिड. शरीर व्यायामानं बळकट होतं असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात व्यायाम ते मोडतो, आणि ते बांधलं जातं झोपेत, जेवणात, विश्रांतीच्या दिवशी. व्यावसायिक धावपटू दुपारी दोन तास झोपतो. आपला हौशी दुपारी मीटिंगमध्ये असतो. आठवड्याचं वेळापत्रक मात्र तो व्यावसायिकाचंच उतरवून घेतो. त्यात वजन घटवायच्या नादात खाणं कमी केलं तर संप्रेरकांपासून हाडांपर्यंत सगळंच कोलमडतं. स्त्रियांमध्ये पाळी अनियमित होणं किंवा थांबणं ही त्याची धोक्याची खूण आहे. अनेकजणी ती सरावाचा भाग म्हणून खपवून नेतात, आणि त्याची किंमत हाडं मोजतात. ब्रूस फोर्डाइस हा कॉम्रेड्स नऊ वेळा जिंकलेला माणूस. तोही जन्मभर हेच सांगत आला की थोडा कमी सराव झालेला धावपटू जास्त सराव झालेल्यापेक्षा बरा. नऊ वेळा जिंकलेल्याचं ऐकायला हरकत नसावी, पण कुणाला तरी शेजारच्या इमारतीतल्या गृहस्थानं या आठवड्यात एकशे दहा किलोमीटर केल्याचं ॲपवर दिसतं आणि फोर्डाइस मागे पडतो.

शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करायचं असतं. २००७ साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. दोन आठवडे सरावाचं प्रमाण ४० ते ६० टक्क्यांनी उतरवायचं, पण जोर आणि वारंवारता तशीच ठेवायची, यानं सर्वांत जास्त फायदा होतो असं त्यातून निघालं. हा काळ आरामाचा म्हणायचा, पण धावपटूंना तो सर्वांत छळतो. रिकाम्या वेळेत गुडघा दुखतो, घसा खवखवतो, केलेलं सगळं कमी वाटतं. या पंधरा दिवसांत नवी ताकद येत नसते, थकव्याखाली झाकलेली जुनी ताकद वर येत असते. दक्षिण आफ्रिकेच्या विमानात बसेपर्यंत तेवढं समजलं तरी पुष्कळ.

शर्यतीच्या दिवशी शरीराइतकंच डोकं लागतं. कॉम्रेड्समध्ये ‘बस’ची पद्धत आहे. एक अनुभवी धावपटू ‘ड्रायव्हर’ होतो, ठराविक वेळेत पोहोचवायचा वेग धरतो, कुठे चालायचं, कुठे पळायचं ते सांगतो, आणि शंभर-दीडशे अनोळखी माणसं गात, टाळ्या वाजवत त्याच्यामागून जातात. एकट्याला चालणं लाजिरवाणं वाटतं, बसमध्ये चालणं हा डावपेच होतो. थकवा नेमका कुठे असतो, स्नायूंत की मेंदूत, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. नोक्स यांचं म्हणणं होतं की शरीर खरोखर संपण्याच्या कितीतरी आधी मेंदू सावधगिरीनं हात आखडता घेतो. हे मत पुष्कळांना मान्य नाही. पण ऐंशी किलोमीटर खुरडत आलेले लोक मैदान दिसताच अखेरचे चारशे मीटर पळायला लागतात, याचा खुलासा फक्त स्नायूंतून होत नाही. उलटंही घडतं. १९६७ साली टॉमी मलोन पहिला येत होता. रेषा डोळ्यांसमोर असताना त्याच्या पायात पेटका आला, तो पडला, उठला, आणि मॅनी कून एका सेकंदानं जिंकला. आणि १९८९ साली, जेव्हा मुदत अकरा तासांची होती, वॉली हेवर्ड ८० व्या वर्षी १० तास ५८ मिनिटांत पोहोचला. १९३० साली, एकविसाव्या वर्षी, तो हीच शर्यत जिंकला होता.

पूर्वी ही शर्यत सगळ्यांची नव्हती, हेही सांगायला हवं. १९२३ मध्ये फ्रान्सेस हेवर्ड ही स्त्री आणि १९३५ मध्ये रॉबर्ट म्त्शाली हा कृष्णवर्णीय धावपटू पूर्ण अंतर धावले, पण दोघांचीही अधिकृत नोंद झाली नाही. स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना अधिकृत प्रवेश मिळाला तो थेट १९७५ साली. आता नऊ ते दहा तासांत येणाऱ्यांना मिळणाऱ्या पदकाला म्त्शालीचं नाव आहे.

दुसऱ्या दिवशी डरबनच्या हॉटेलांत जिन्यांवर एक दृश्य दिसतं. माणसं कठडा धरून, पाठमोरी, एकेक पायरी उतरत असतात, कारण सरळ उतरताना मांडीचा तोच ब्रेकचा स्नायू लागतो. त्यांतले बरेचजण शपथेवर सांगतात की हे पहिलं आणि शेवटचं. स्नायूंचं दुखणं आठवड्याभरात ओसरतं, आतली डागडुजी मात्र आणखी कित्येक आठवडे चालू राहते. ती पूर्ण होण्याआधीच बहुतेकांना एक नियम आठवतो. पहिली कॉम्रेड्स आणि लगेच पुढच्या वर्षीची दुसरी, अशा लागोपाठ दोन्ही पूर्ण करणाऱ्याला ‘बॅक टू बॅक’ नावाचं वेगळं पदक मिळतं, आणि ते आयुष्यात एकदाच मिळू शकतं. एक वर्ष मध्ये गेलं की संधी गेली. पहिल्यांदा चढावरून धावलेल्याला पुढच्या वर्षी बहुधा उतार असतो, आणि उतारासाठी मांड्या वेगळ्या तयार कराव्या लागतात, म्हणजे घाटाचे रविवार पुन्हा आले. घरी हे कुणी आणि कधी सांगायचं, यावर परतीच्या विमानातच चर्चा सुरू होते.